मॅडमसाठी ठेवलेले लेख

आमच्या घरात रोज दुपारी एक बाई बोलत असते. आमच्या म्हणजे माझ्या. मी एकटीच राहते, पण ‘आमच्या’ म्हणायची जिभेला सवय आहे आणि या वयात जिभेला वळण लावत बसण्यात अर्थ नाही. ही बाई फोनमधली आहे. इंटरनेटवरचे जे लेख मी नंतर वाचायचे म्हणून बाजूला ठेवते, ते ती मला मोठ्याने वाचून दाखवते. तिचे उच्चार स्वच्छ आहेत आणि तिला कशाचंच सोयरसुतक नाही. दुष्काळावरचा लेख आणि पुरणपोळीची कृती ती एकाच सुरात वाचते. ‘डॉ.’ आला की ‘डॉ’ म्हणून थांबते, जणू पुढचा माणूस यायचा आहे. भाकरी थापता थापता मी तिला दुरुस्त करते. ती ऐकत नाही. तरी घरात आवाज असतो, हे काही कमी नाही.

डोळ्यांत मोतीबिंदू वाढायला लागला आणि डॉक्टरांनी फोनकडे बघणं कमी करा म्हणून दम दिला, तेव्हा ही बाई घरात आली. पुढे ऑपरेशन झालं, दिसायलाही लागलं, पण बाई राहिली.

वाचल्याशिवाय मला करमत नाही, कारण आयुष्यभर तेच केलं. मी इथल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल होते. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारणारे आता थकले, काही वरही गेले. ग्रंथालयात माझा आवडता उद्योग म्हणजे कात्रणं. सकाळी वर्तमानपत्रं आली की चाळायची आणि दुसऱ्या दिवशी शिळी झाली की कात्री घेऊन बसायचं. पाणी, शेती, आरोग्य, कायदा, इतिहास अशा विषयवार फायली होत्या. प्रत्येक कात्रण कोऱ्या कागदावर चिकटवायचं, खाली वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख. वक्तृत्व स्पर्धा जवळ आली की विद्यार्थी त्या फायलींवर तुटून पडायचे आणि स्पर्धा संपली की मला ओळखही दाखवायचे नाहीत. वर्षभर त्या फायली उघडणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम.

मी तिला मॅडम म्हणायचे आणि ती मला मॅडम. सुरुवातीला ‘अहो मॅडम’ होतं, पुढे ‘ए मॅडम’ झालं, मग ‘काय गं मॅडम, मेलीस काय’ इथपर्यंत मजल गेली, पण नाव काही कधी आलं नाही. ती शाहूवाडीकडच्या शेतकरी घरातली. वर्गात पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची आणि वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाय पडला की शाहूवाडी सुरू. तिकडच्या बायकांसारखं स्वतःला ‘आलो, गेलो’ म्हणायची. आवाज असा की ग्रंथालयात ती कुजबुजली तरी बाहेर सायकल स्टँडवर ऐकू जायचं. भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी होती. ती बरोबर त्या पाटीखालची खुर्ची घेऊन बसायची.

मधल्या सुट्टीत फाइल उघडायची, नवं कात्रण वाचायची आणि हिरव्या शाईने खाली एक-दोन शब्दांचा शेरा लिहायची. ‘पटलं’, ‘नाही पटलं’ किंवा ‘बकवास’. पहिल्यांदा मी चिडले. म्हटलं, “मॅडम, ही ग्रंथालयाची मालमत्ता आहे.”

“मग? मालमत्तेच्या कागदावर सही करत्यातच की,” ती म्हणाली.

तेव्हापासून कात्रण चिकटवताना मी तिच्या सहीसाठी खाली चार बोटं जागा सोडायला लागले. एकदा आमच्या प्राचार्यांचा पर्यावरणावरचा लेख छापून आला. मॅडमनी त्याखाली ‘बकवास’ लिहिलं, आणि त्याच आठवड्यात प्राचार्यांनी पाहुण्यांना दाखवायला नेमकी ती फाइल मागवली. मी घाईघाईने त्या शब्दावर शतावरीचे फायदे सांगणारं एक छोटं कात्रण चिकटवलं. पाहुण्यांना वाटलं असेल, शतावरी हा प्राचार्यांच्याच लेखाचा भाग आहे.

‘छान’ हा शब्द तिने कुठल्याच कात्रणाखाली कधी लिहिला नाही. तिच्या तोंडून मी तो ऐकला तो फक्त परक्यांच्या घरी. कुणाकडे गेलं आणि चहा पाणचट निघाला की ती म्हणायची, “छान झालाय चहा.” बाहेर रस्त्यावर आलो की मी तिच्याकडे बघायचे आणि ती म्हणायची, “परक्यांला खरं कशाला सांगायचं? खरं आपल्या मानसाला सांगायचं.” माझ्या चहाला तिने आजवर एकदाही छान म्हटलेलं नाही.

आम्ही दोघी थोड्या पुढेमागे निवृत्त झालो. आमच्या पाठोपाठ कात्रणांच्या फायलीही निवृत्त झाल्या. त्या कुठे गेल्या हे मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. माझ्या घरी वर्तमानपत्र यायचं, पण त्यात कापण्यासारखं दिवसेंदिवस कमी व्हायला लागलं. चांगलं लिहिलेलं सगळं इंटरनेटवर गेलेलं. मग भाचीने माझ्या फोनमध्ये ते लेख साठवायचं अॅप घालून दिलं. कुठेही लेख दिसला की एक बटण दाबायचं, तो आपल्या यादीत येऊन बसतो. आपण त्याला विषय द्यायचे, कप्पे करायचे. शेवटपर्यंत वाचून झाला की तो आपोआप ‘वाचलेले’ या कप्प्यात जातो. मला तर माझं ग्रंथालयच परत मिळालं. पाणी, शेती, आरोग्य, कायदा, इतिहास, सगळे कप्पे मी त्याच क्रमाने लावले.

मॅडमनी ते बघितलं आणि लगेच म्हणाली, “माझ्यात बी घाल.”

भाची म्हणाली, “घालते की. तुमचं वेगळं खातं काढू या.”

“येगळं कशाला? एकच असूदे दोघींत. दोन दोन पासवर्ड कोन ध्यानात ठेवनार?”

भाची हसली. असं कुणी करत नाही म्हणाली. पण आमच्या पिढीत दोन घरांत मिळून एक वर्तमानपत्र घ्यायची पद्धत होती. एकाने आठपर्यंत वाचायचं, मग दुसऱ्याकडे द्यायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तर खातं एक आणि फोन दोन. मी ठेवलेला लेख तिला दिसायचा, तिने वाचला की माझ्या यादीतूनही निघून ‘वाचलेले’मध्ये जायचा. हिरव्या शाईऐवजी ती लेखाला तारा लावायची. तारा म्हणजे पटलं. तारा नाही म्हणजे बकवास. मी एक खास कप्पा केला, त्याचं नाव ‘भांडणं’. तिला न पटणारं मुद्दाम शोधून मी त्यात टाकायचे. संध्याकाळी रंकाळा तलावाच्या काठी भेटलो की भांडण हातात तयार असायचं. बाकावर आमच्या शेजारी कुणी बसत नसे.

नवरा गेल्यापासून तीही एकटीच होती. मग पुण्यातल्या मुलाला मुलगा झाला. सूनबाईंची नोकरी. मॅडमना जावं लागलं, आणि जायला ती नाखूश होती असंही नाही. नातवाचा फोटो तिने मला इतक्यांदा दाखवला की तो पोरगा मला बाकावर आमच्या मध्येच बसल्यासारखा वाटायला लागला. जायच्या आदल्या दिवशी रंकाळ्यावर मी फारसं बोलले नाही. रुसून बसले होते म्हणा ना. तिने मला कोपराने ढोसलं.

“आगं, तितनं बी वाचनारच की मी. एकच तर हाय आपलं.”

ती गेली त्या दिवशी मी नवा कप्पा केला. त्याला नाव दिलं ‘मॅडमसाठी’.

पहिले काही दिवस तारे लागत होते. मग तारे थांबले, आणि मधे काही दिवस तर काहीच हललं नाही. फोन केला की ती दबक्या आवाजात म्हणायची, “आत्ताच झोपलाय गं, मागनं करतो.” ज्या बाईने ग्रंथालयात कधी आवाज खाली आणला नाही, ती एका पावशेराच्या पोरासाठी कुजबुजायला शिकली होती. मागून फोन यायचा नाही. मी समजून घ्यायचे. समजून घेणं हे फार कंटाळवाणं काम आहे, पण दुसरं काय करणार?

त्याच सुमाराला माझ्या डोळ्यांचं सुरू झालं आणि ती वाचणारी बाई आली. आणि तेव्हाच, मला आठवतं, लेख पुन्हा हलायला लागले.

माझा दिवस असा ठरून गेला. सकाळी चहा झाला की मी मॅडमसाठी लेख शोधायचे. देवराया, सात वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी, भाताच्या जुन्या जाती, गगनबावड्याच्या पावसातली शेवाळं, विहिरींची गोष्ट, मधमाश्या. निवडून निवडून चार-पाच त्या कप्प्यात ठेवायचे. दुपारी जेवण झालं की आडवी व्हायचे, त्यातला पहिला लेख लावायचे आणि बाई वाचायला लागायची. पहिला संपायच्या आत मला झोप लागलेली असायची. चारच्या सुमाराला उठायचे तेव्हा बाई गप्प असायची. फोन उघडून बघावं तर ‘मॅडमसाठी’ कप्पा रिकामा! सकाळी ठेवलेलं सगळं ‘वाचलेले’मध्ये.

एक माझ्यामुळे गेला असणार, हे मला कळत होतं. पण बाकीचे? बाकीचे तिने वाचले. दुपारी नातू झोपला की तीही फोन घेऊन बसत असणार. म्हणजे मी इकडे आडवी पडलेली असताना ती तिकडे माझेच लेख वाचत होती. तारे नव्हते, पण काखेत पोर असताना तारे कुठून लावणार? मला इतका आनंद व्हायचा की मी उठून मोठ्याने म्हणायचे, “झालं का गं वाचून?” आणि चहा टाकायचे. एकट्या माणसाला आनंदाचं कारण मिळालं की ते फार तपासून बघावंसं वाटत नाही.

रंकाळ्यावर जाणं मी तोवर सोडलं होतं. बाकावर एकटीने बसलं की येणारे-जाणारे बाजूला येऊन बसायला लागले. एका गृहस्थाने तर मला गुडघ्यांसाठी तेल सुचवलं. घरी बसणं बरं. पण घरी संध्याकाळ लांबते. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, खालच्या मजल्यावर मुलांना कुणी तरी रागावत असतं, आणि आपल्याला रागवायलाही कुणी नसतं. मला फार एकटं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसांत संध्याकाळपर्यंत मला धरून ठेवणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे चारला उठल्यावर दिसणारा रिकामा कप्पा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी भाचीकडे चार दिवस राहिले. डोळ्याला पट्टी, फोनला हात लावायचा नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा कप्पा बघितला तर जाताना ठेवलेले लेख तसेच. मला वाटलं, माझं ऑपरेशन आहे हे मी तिला कळवलं होतं. माझ्याशिवाय वाचायचं नाही असं तिने ठरवलं असणार. माझे डोळे भरून आले. डॉक्टरांनी रडायची सक्त मनाई केलेली. मी मान वर करून पाणी आत ढकलायचा प्रयत्न केला, तसं काही होत नाही म्हणा. आणि दुसऱ्या दिवसापासून मी आडवी पडायला लागले तसे लेखही पुन्हा हलायला लागले. आता लिहिताना हे सगळं किती सरळ दिसतं! तेव्हा दिसलं नाही.

यंदा दिवाळीनंतर तिच्या पुतणीचं लग्न होतं. लग्न झाल्यावर दुसऱ्या दिवशी एक दिवस माझ्याकडे येते म्हणाली. मी दोन दिवस आधीपासून कामाला लागले. मेथी निवडली, मिरच्या भाजून खर्डा केला, गाद्यांना ऊन दाखवलं. आणि मनात सगळे लेख परत लावले. इतके महिने भांडायचं राहून गेलं होतं.

ती आली ती जिन्यातूनच ओरडत. “काय गं मॅडम, वाळलीस की! खातीस का न्हाईस?” मी दार उघडून हसत उभी राहिले. ती वजनाने थोडी भरली होती, केस पांढरे तसेच ठेवले होते. आत आली, खुर्चीत बसली आणि पहिल्यांदा फोन काढून मला नातू दाखवला. नवा, मोठा फोन होता. मी नातवाकडे बघितलं, फोनकडे नाही.

जेवायला बसलो. खर्ड्याचा पहिला घास घेतला आणि तिला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी. “सवय गेली गं,” ती म्हणाली. “तिकडं भाजीत बी गूळ घालत्यात.” मी दही वाढलं. मग मला राहवेना. ताटात भाकरी वाढताना विचारलं, “तो कारवीचा लेख वाचलास ना?”

“व्हय की,” ती म्हणाली. “छान हुता.”

“आणि विहिरींचा?”

“त्यो बी छान हुता. सगळंच छान ठेवतीस तू.”

मला कुठेतरी टोचलं. पण तव्यावर भाकरी होती, ती उलटायला मी उठले.

जेवण झाल्यावर दोघी माजघरात सतरंजीवर आडव्या झालो. सवयीने मी फोन उशाशी घेतला आणि लेख लावला. बाई वाचायला लागली. मॅडम दचकली.

“ही कोन बया?”

“फोनमधली आहे. वाचून दाखवते.”

“बरं हाय बाई तुझं. सोबत हाय,” ती म्हणाली, कुशीवर वळली आणि बघता बघता घोरायला लागली. लग्नाचं जागरण होतं.

मला झोप येईना. इतक्या दिवसांनी घरात माणसाच्या श्वासाचा आवाज होता, तो ऐकत पडावंसं वाटलं. बाई मधमाश्यांचा लेख वाचत होती. तो संपला. आता ती गप्प होणार म्हणून मी फोन बाजूला ठेवायला हात पुढे केला, तर एक बारीकसा टिंग असा आवाज आला आणि बाईने दुसरा लेख सुरू केला. तो टिंग मी कधीच ऐकला नव्हता, कारण त्या वेळी मी रोज झोपलेली असायचे. पडद्यावर बघितलं. मधमाश्यांचा लेख ‘मॅडमसाठी’ कप्प्यात नव्हता. ‘वाचलेले’मध्ये जाऊन बसला होता.

मी पडून बघत राहिले. दुसरा लेख संपला, टिंग झालं, तोही गेला. मग तिसरा. ज्या मॅडमनी ते वाचले म्हणून मी रोज चहा टाकायचे, त्या माझ्या शेजारी तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. वाचत होती ती ही फोनमधली बाई. मला झोप लागल्यावरही ती वाचत राहायची, आणि वाचून झालं की शहाण्या शिपायासारखी फाइल जागेवर नेऊन ठेवायची. कप्प्यातलं संपलं की गप्प व्हायची. मी भाचीकडे गेले तेव्हा लावायलाच कुणी नव्हतं, म्हणून लेख हलले नव्हते. आधी मला हसू आलं. मग मी भिंतीकडे तोंड केलं.

तिने वाचले नाहीत याचं दुःख होतंच. पण त्याहून जास्त लागला तो ‘छान’. दोन वेळा म्हणाली होती, नाही, तीन वेळा.

ती उठल्यावर मी चहा केला. कप तिच्या हातात दिला आणि तोंड शक्य तितकं साधं ठेवून म्हटलं, “कारवीचा आणखी एक लेख होता बघ. खत घातलं की कारवी दरवर्षी फुलते म्हणे. सात वर्षं थांबायची गरजच नाही.”

तिचा कप तोंडाजवळ थांबला.

“कोन म्हनतोय?”

“लेखात होतं.”

“कुनी लिवलंय? गाढव कुठला!” कप खाली आदळला. “कारवीला काय भाजीपाला समजलाय व्हय? आगं, सात वर्सं ती नुसती वाढती, एकदा फुलती, बी टाकती आन् मरती! आमच्या डोंगरात बारकी पोरं सांगत्याल हे. खत घालतोय म्हनं! कुनाला, डोंगराला? तुला आठवतंय का, आपन पोरास्नी घिऊन गेलतो, सगळा डोंगर निळाजांभळा झालता, आन् त्या एका पोरीनं फांदी मोडली म्हनून मी तिला तितंच उन्हात हुबी केलती...” तिचं बोट हवेत होतं, आवाज खालच्या मजल्यावर गेला असणार. मी बघत राहिले. सकाळपासून माझ्या घरी आलेली ती, आत्ता कुठे आली होती.

“आन् असला लेख तू ठिवलास? माझ्यासाठी? ग्रंथपाल हुतीस का कोन हुतीस?”

“नाही ठेवला,” मी म्हणाले. “असा लेखच नाही.”

 बोट हळूहळू खाली आलं.

“तू वाचत नाहीस हे मला मगाशी कळलं. म्हणून विचारलं.”

ती कपाच्या कानाशी चाळा करायला लागली. मग म्हणाली, “फोन बदलला गं. जुना नातवानं बादलीत टाकला. पोरानं ह्यो नवा आनला. त्यात ते घालायचं ऱ्हायलं. आज घालू, उद्या घालू. मग ऱ्हायलंच.”

“मग छान कशाला म्हणालीस?”

“तुला वाईट वाटंल म्हनून.”

“मी परकी आहे का गं तुला?” माझा आवाज चढला. “पाणचट चहा पाजणारी परकी बाई आहे का मी? बकवास म्हणायचं होतंस. नाही वाचत जा, असं म्हणायचं होतंस. मला छान म्हणतेस?” मी रडायला लागले. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले होते, तेव्हा रडायला आता कुणाची मनाई नव्हती.

तिने मला जवळ घेतलं नाही. आमच्यात ती पद्धत नाही. तिने नुसता माझा कप उचलला, त्यातला गार झालेला चहा मोरीत ओतला आणि स्वतः नवा चहा टाकला. साखर जास्त पडली होती. मी म्हटलं, “चहा वाईट झालाय.” ती म्हणाली, “ठाव हाय.”

मग मी डोळे पुसले आणि म्हणाले, “आण तो फोन. आत्ता घालून देते. पासवर्ड मला पाठ आहे.”

तिने फोन हातात घेतला. पुढे करता करता थांबली, आणि मान हलवली.

“नगं, मॅडम.”

“का?”

“घालशील तू, आन् मी वाचनार न्हाय. खरं सांगतो. त्यो जागा असला की त्येच्या मागनं पळायचं, झोपला की माजे बी डोळे मिटत्यात. चार वळीच्या फुडं जात न्हाय मी. तितं सगळी हायत गं घरात, पर माज्यासंगट बोलायला कुनाला सवड न्हाय, आन् मला बी वाचायचं मन ऱ्हायलं न्हाय. तू हितं रोज बगत बसशील मी वाचलं का म्हनून. नगं.”

हे तिचं जुनं बोलणं होतं, कात्रणाखालच्या हिरव्या शाईतलं. त्या ‘नगं’ने मला ‘छान’पेक्षा जास्त दुखावलं, आणि तरीही तेच मला हवं होतं. मी फोनसाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

संध्याकाळी पुतण्या गाडी घेऊन तिला न्यायला आला. जिन्यात ती थांबली. “तू वाच,” म्हणाली. “वाचून फोन कर. भांडू की.”

“नातू झोपल्यावर?”

“झोपल्यावर न्हाय. उठून बसंल त्यो.” आणि ती हसली, मीही हसले. गाडी गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत मी गॅलरीत उभी होते. आत आल्यावर तिचा कप विसळला आणि जागेवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ते बटण शोधून काढलं. एक लेख संपला की पुढचा आपोआप लावायचा नाही, आणि माझ्या हाताशिवाय काहीही ‘वाचलेले’मध्ये टाकायचं नाही. आता बाई एकच लेख वाचते आणि थांबते. ती थांबली की मला लगेच जाग येते. पूर्वी आवाजाने झोप मोडायची, आता आवाज थांबल्याने मोडते. मग छताकडे बघत पडून राहते.

आम्ही फोनवर भांडलो, दिवाळीपासून आजवर दोनदा. दोन्ही वेळा मध्येच नातू रडला.

ग्रंथालयात नियम होता. वाचक यायचा बंद झाला की त्याचं कार्ड वर्षभर ठेवायचं, मग पेटीतून काढून टाकायचं. मी तो नियम कडक पाळत असे. बदली झालेल्या प्राध्यापकांची कार्डं काढताना मला कधी काही वाटलं नाही. ‘मॅडमसाठी’ हा कप्पा मात्र मी काढलेला नाही. रोज सकाळी चहा झाला की त्यात काहीतरी ठेवते. परवा शाहूवाडीकडच्या काळ्या भातावरचा एक लेख सापडला, लिहिणाऱ्याने सगळं चुकीचं लिहिलंय. तिला वाचून इतका राग आला असता.

चार वाजता उठले की माझा हात अजूनही आधी फोनकडे जातो. कप्पा उघडून बघते. सगळे लेख जिथल्या तिथे असतात.